न चावलेलं घर

९ जानेवारी

ती. ताईंना,
सा. न. आणि वि. वि. यातली विनंती शेवटी आहे. विशेष मात्र इथूनच सुरू होतं.

माझी मुंगी जन्मली त्या दिवशी तुम्ही तिची मूठ उघडून म्हणाला होतात, की चेहरा कुणाचाही असो, हात माझ्यावर गेलेत. सगळे हसले. टाके दुखत होते तरी मीही हसले. तुम्ही खोलीबाहेर गेल्यावर मी ती मूठ पुन्हा उघडली आणि माझ्या पंजाशी लावून पाहिली. ती आता अडीच वर्षांची झाली, आणि मी अजून लावून पाहतेच आहे. तुम्ही विसरलाही असाल. बोलणारा विसरतो, ऐकणाऱ्याच्या मात्र काळजावर कोरलं जातं.

मुंगीला तुमच्या हवाली करून इथे पोचले. खोली लहान आहे, पण खिडकी मोठी. कार्यशाळेत प्रत्येकीला एक टेबल, एक दिवा आणि एक मेणाची वडी मिळाली आहे. आत्तापर्यंत मी कवळ्या नुसत्या घासून, पॉलिश करून द्यायचे. आता दात मेणात स्वतः कोरायला शिकायचं. आमचे मास्तर म्हातारे आहेत, चष्म्यावर चष्मा लावतात. त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं, की ज्यांचे हात स्वस्थ बसत नाहीत त्यांनीच इथे थांबावं. माझे हात त्यांनी पाहिले आणि मान डोलावली. तेवढ्यावर दिवस गेला.

सोबत एक पाकीट पाठवते आहे. त्यात घोटीव कागदाचा मासा आहे. खवले वेगळे कापलेत, प्रत्येकाच्या पाठीवर आकडा आहे, आणि माशावर तोच आकडा पेन्सिलीने फिकट लिहिलाय. मुंगीने फक्त आकड्यावर आकडा चिकटवायचा. तिला आकडे वाचता येत नाहीत हे मला माहीत आहे, म्हणून ते काम तुमचं. चिकटवणं मात्र तिचंच हवं. आणि हे आईने पाठवलंय असं प्रत्येक खवल्याला तिला सांगा. हीच विनंती. एकदा सांगून सोडून देऊ नका.

तुमच्या भावाला म्हणावं, मोजे धुवायला टाक.

लोभ आहे तेवढा असू द्या. वाढवायला मी तिथे नाही.

तुमची धाकटी भावजय

२० जानेवारी

चि. दातवालीला,
अ. उ. आ. (यातला एक मुंगीने पत्रावर पाणी सांडून पुसला, तेवढा कमी समज.)

पाकीट मिळालं. मासा इतका सुरेख, की मी तो आधी कपाटावर ठेवला, मग तुझी तंबी आठवली आणि खाली काढला. पहिल्या खवल्याला सांगितलं, आईने पाठवलाय. दुसऱ्याला सांगितलं. तिसऱ्यापर्यंत मुंगी उठून गेली होती. थोड्या वेळाने परत आली, सगळे खवले फ्रॉकच्या घोळात घेतले आणि बापाच्या बुटात नेऊन ओतले. बंड्या बूट घालून पाण्याच्या टाकीवर ड्यूटीला गेला. तिथे बूट काढला तर मोज्याला निळे-हिरवे खवले. त्याचे सोबती आता त्याला मासळी म्हणतात.

मग मी कागद आवरला. ती चिकटपट्टीशी खेळत होती, म्हणून मी पट्टीचे तुकडे तोडून टेबलाच्या कडेला लावून ठेवले आणि बाजूला बसले. तिने एकेक तुकडा नेऊन खुर्चीच्या पायाला लावला. खुर्चीला लागलंय, असं मला सांगून गेली. चारही पायांना लागलं होतं. जेवायची वेळ टळली तरी खुर्ची बरी होईना. मी मधे काही बोलले नाही. तू असतीस तर पट्ट्या सरळ लावून दिल्या असत्यास, हे मला बसल्या जागी दिसत होतं. राग मानू नकोस. तुझा धंदाच सरळपणाचा. मी जन्मभर कारखान्यात नुसत्या कॉलरी शिवल्या. शर्ट पुरा झालेला कधी पाहिला नाही, त्यामुळे अर्ध्यामुर्ध्या गोष्टींचं मला वावडं नाही.

एक खोड मात्र वाढली आहे. कागद असो, पुठ्ठा असो, लाकूड असो, कोपरा चावल्याशिवाय वस्तू हातावेगळी करत नाही. घरात उंदीर पाळल्यासारखं वाटतं.

जेवत जा. मेण खाऊ नकोस.

तुझी ताई

२ फेब्रुवारी

ती. ताईंना,
सा. न. वि. वि. आज दोन्ही कोरडेच.

तुमचं पत्र मी जेवणाच्या सुट्टीत वाचलं आणि डबा तसाच परत आणला. खवले बुटात गेले याचं वाईट वाटलं नाही. वाईट याचं वाटलं, की ते तुम्ही इतकं मजेत लिहिलंत. माझ्या मुलीची सबंध सकाळ मला दुसऱ्याच्या अक्षरात वाचावी लागते, आणि ते अक्षर हसत असतं.

मी दुष्टपणे बोलते आहे, कळतंय मला. पण फोन बंद करायचं तुम्हीच ठरवलंत ना? माझा आवाज ऐकला की ती मला ड्रॉवरमध्ये, पलंगाखाली शोधते आणि मग रडून रडून निपचित पडते, असं तुम्ही म्हणालात. मी मान्य केलं. तुमच्या भावाशी मी टाकीवर फोन करून बोलते, तर तो विहिरीतून बोलल्यासारखा हो-नाही करतो. तेव्हा तुमच्या पत्रांखेरीज मला दुसरी खिडकी नाही. त्या खिडकीतून मला काय दिसतं? तुम्ही दोघी आणि एक आजारी खुर्ची.

आणि मी असते तर पट्ट्या सरळ लावल्या असत्या, हे लिहायची काही गरज होती का? असत्याच लावल्या. मी तिच्याबरोबर बसते तेव्हा काहीतरी पुरं होतं. ते भिंतीवर लावता येतं. त्यात काय वाईट आहे, हे मला अजून कुणी सांगितलेलं नाही.

असो. या वेळी पुठ्ठ्याचं घर पाठवते आहे. खिडक्या उघडतात, दार उघडतं, आत उभं राहायला कागदाची तीन माणसं आहेत. तीनच. तुम्ही चौथं कापून घालाल, तर घालू नका. तिला घरं आवडतात. कोर्सला निघायच्या आदल्या दिवशी आम्ही उशांचं घर केलं होतं, तेव्हा तुम्ही आलेल्याही नव्हतात. हे ती चिकटवेलच. झालं की ते घर मला पाठवा, मला ते टेबलावर ठेवायचं आहे. बाकीच्या सगळ्याजणींच्या टेबलावर काही ना काही आहे.

लोभाचं काय ते तुम्हीच ठरवा.

तुमची भावजय

१९ फेब्रुवारी

चि. दातवालीला,
अ. उ. आ., पुरते, एकही कमी नाही.

घर पाठवते आहे. मुंगीने दोन दिवस खपून केलं. सगळं तिनेच चिकटवलं, मी फक्त डिंकाची वाटी धरली. खिडक्या उघडून बघत होती आणि आई आई करत होती. माणसं तीनच आहेत, मोजून घे.

इकडे सगळे बरे. बंड्याचा खोकला गेला. जास्त लिहीत नाही, भात लावायचा आहे.

तुझी ताई

३ मार्च

ती. ताईंना,

नमस्कार लिहायला हात उठत नाही, पण तो तुमच्या वयाला आहेच.

घर सकाळी आलं. मी खोका तिथेच फोडला. काय सांगू, मी टेबलावरचं मेण, सुरी, साचे सगळं ढकलून त्याला मधोमध जागा केली. मास्तरांना बोलावलं. बाकीच्या जमल्या. माझ्या मुलीने केलं, असं मी सगळ्यांना सांगितलं. मास्तर वाकून वाकून बघत होते. मुलगी केवढी आहे म्हणून त्यांनी विचारलं. मी सांगितलं. त्यांनी घराची कड एकदा बोटाने चाचपली आणि हळूच आपल्या जागी गेले. त्यांचं ते चाचपणं मला दुपारभर टोचत राहिलं. म्हणून मग मी घर हातात घेऊन नीट पाहिलं.

ताई, कडेला सगळीकडे सारखी पट्टी सुटली आहे. कॉलरीच्या शिवणीसारखी. डिंकाचा एक थेंब बाहेर नाही. आणि एकाही कोपऱ्याला दात नाही. छपराला नाही, दाराला नाही, माणसांच्या डोक्यांना नाही. मुंगीच्या वरच्या दोन दातांत फट आहे, आणि डावा जरासा आत वळलाय. मी दिवसभर लोकांचे चावे बघते. डोळे मिटून बोट फिरवलं तरी तिचा चावा मला ओळखू येईल. हे घर तिने चावलेलं नाही. तिने त्याला हातसुद्धा लावलेला नाही.

तुम्हाला माझी दया आली, हे मी समजू शकते. तीच मला नको होती. खवले बुटात गेले असं खरं लिहिणारी बाई खोटं घर पाठवते, म्हणजे तुमच्या लेखी माझी काय अवस्था झाली असेल, हे मला तेवढ्यावरून कळलं. खोटं बोलून जिची समजूत काढावी, अशी मी झाले.

आणि मुंगीची खरी कामं सगळी तुमच्याजवळ. दिवसभराची. मला जळफळाट होतो, ताई. चांगल्या शब्दात सांगायचं तर वाईट वाटतं, पण चांगला शब्द खरा नाही. काल तुमच्या भावाने फोनवर त्याच्या नेहमीच्या साधेपणाने सांगितलं, की मुंगी आता ताईला आई म्हणाली. त्याला ते गोड वाटलं होतं. मी फोन ठेवला तेव्हा हातातला मेणाचा दात दबून त्याची गोळी झाली होती.

एप्रिलच्या शेवटी माझी परीक्षा आहे. त्यानंतर मी घरी येणार. मी दारात उभी राहिले आणि ती तुमच्या मागे लपली, तर ते मला बघवणार नाही. तिने एकदा माझ्याकडे बघून तुमच्याकडे बघितलं, तर तेवढंही बघवणार नाही. म्हणून स्पष्टच लिहिते. मी यायच्या आधी तुम्ही तुमच्या घरी जा. तुमच्या भावाला मी रजा घ्यायला सांगते.

तुम्ही आमच्यासाठी आपलं घर बंद करून आलात, हे मी विसरलेले नाही. ते लक्षात असूनही हे लिहिते आहे.

मुंगीची आई

१५ मार्च

चि. दातवालीला,
अ. उ. आ. तू नमस्कार अडवलास म्हणून मी आशीर्वाद अडवणार नाही.

घर मीच चिकटवलं. मुंगी दुपारी झोपली होती. तिला ते दाखवलं होतं, तर ती खोक्यात जाऊन बसली आणि घर बाहेर राहिलं. तुझं पत्र समोर होतं. म्हटलं, एवढं एक करून टाकू, तिकडच्या पोरीचा जीव निवेल. चिकटवताना सवयीने कड सोडली. चावायचं सुचलं नाही. सुचलं असतं तरी माझ्या कवळीचा चावा तू लगेच ओळखला असतास.

पण ही झाली अर्धी गोष्ट. दया वगैरे मोठं नाव तिला देऊ नकोस. उरलेली सांगते, मग तुला काय म्हणायचं ते म्हण.

मुंगीने काहीही केलं, की ती ते उचलून दाराशी नेते. उंबरठ्यावर ठेवते, आई म्हणते, आणि परत येते. थांबत नाही, रडत नाही, पोस्टात टाकल्यासारखं टाकून येते. तू गेल्याच्या दुसऱ्या आठवड्यापासून हे चाललंय. पहिली वस्तू मी उचलून ठेवली, तुला पाठवायची म्हणून. सकाळी ती उठून दाराशी गेली, जागा रिकामी बघितली, आणि इतकी हसली म्हणून सांगू. आईने नेलं, असं मला सांगत आली. तेव्हापासून रोज मी उचलते आणि रोज तू नेतेस.

त्या सगळ्या माझ्या ट्रंकेत आहेत. तुला एकही पाठवली नाही. आधी वाटलं, साठवून एकदम पाठवू. मग पाठवायची वेळ आली की हात मागे यायचा. दिवसभर मी तिच्याजवळ बसायची, ती मला खुर्चीचं दुखणं सांगायची, माझ्या मांडीवर डिंक पुसायची, आणि वस्तू झाली की माझ्यासमोरून उठून दाराकडे चालू लागायची. एकदाही मागे वळून बघितलं नाही. तुला वाटतं तूच एकटी जळतेस? तू निदान लांबून. मी तर तिच्या शेजारी बसून जळत होते. तुझं खोटं घर मी तुला पाठवलं, कारण खरं काही माझ्याने देववत नव्हतं.

आता ते आई म्हणण्याचं. बंड्याने सांगितलं ते खरं आहे, आणि ते एकदाच झालं. तिने आपल्या एका मोज्यात कागदाचे बोळे कोंबले आणि तोंडाला चिकटपट्टी गुंडाळली. मग उठली. मला वाटलं, निघाली दाराकडे. तर वळली, तो मोजा माझ्या मांडीवर ठेवला आणि म्हणाली, आई. मला म्हणाली, की मी पोचवावं म्हणून म्हणाली, कोण जाणे. मी दाराकडे बोट दाखवायला हवं होतं. मी दाखवलं नाही. बंड्या बूट घालत होता, त्याने ऐकलं.

मी एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात निघते. तू सांगितलंस म्हणून नव्हे. मलाही ते बघवणार नाही, तू दारात उभी आणि ती धावत सुटलेली. आपण दोघी एकाच माळेचे मणी.

ट्रंकेतलं सगळं वेगळ्या पार्सलने पाठवते आहे. दाताखालून गेलंय की नाही तपासून घे. मोजा मात्र मी ठेवणार. तो मागू नकोस.

परीक्षा नीट दे. तो आजचा राग मेणावर काढू नकोस.

तुझी ताई

६ मे

ती. ताईंना,
सा. न. वि. वि. मागच्या खेपेचा अडवलेला नमस्कारही यातच धरा.

पास झाले. मास्तरांनी माझी दाढ खिडकीशी नेऊन बघितली आणि परत देताना म्हणाले, आता हिने कुणीतरी खरंच जेवेल. परीक्षेच्या आदल्या दिवसापर्यंत तुमचं पार्सल मी फोडलं नव्हतं. भीती वाटत होती. फोडलं, तर त्यात भोकं पाडलेलं आगपेटीचं खोकं, चिकटपट्टीचा भला मोठा गोळा, अर्धा चमचा माती बांधलेला रुमाल, आणि पुठ्ठ्याची एक वस्तू, ती काय आहे ते मला अजून कळलेलं नाही. सगळ्यांचे कोपरे चावलेले. मी एकेकावरून बोट फिरवलं. डावा दात आता थोडा सरळ झालाय, ताई. हे मला कुणी पत्रात लिहिलं नव्हतं.

घरी आले तेव्हा ती धावत आली नाही. लपलीही नाही. बापाच्या पायाला धरून उभी राहिली आणि माझ्याऐवजी माझ्या बॅगेकडे बघत होती. मग बॅगेशी बसली, चेन ओढली, आणि तिला आत आपलं आगपेटीचं खोकं दिसलं. मग गोळा. मग रुमाल. तिला जराही नवल वाटलं नाही. मी नेलं होतं, ते परत आणलं, एवढंच. सगळं जमिनीवर मांडून झाल्यावर ती सरकत सरकत आली आणि माझ्या मांडीला टेकली. मी रोज नेते असं तुम्ही तिला वाटू दिलं नसतंत, तर मी दारात परकी म्हणून उभी राहिले असते. हे मी पुन्हा म्हणणार नाही, म्हणून आत्ता नीट वाचून घ्या.

पण त्याच संध्याकाळी ती तुम्हाला शोधू लागली. पडद्यामागे, कपाटात, तुमच्या रिकाम्या पलंगाखाली. मी म्हटलं, आत्या तिच्या घरी गेली. तिने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी खोटं बोलते आहे.

दुसऱ्या दिवशी आम्ही कागद घेऊन बसलो. ती कागद फाडून भिजवायची आणि खिडकीच्या काचेवर थापायची. एक तुकडा घसरत होता, मी तो वर सारायला गेले. तर तिने माझा हात धरला आणि माझ्याच मांडीखाली खुपसला. मग दुसरा हात. मग समाधानाने परत कामाला लागली. मी तशीच बसले, हात सुन्न होईपर्यंत. तुम्ही असे बसत होतात? हे तुम्ही मला लिहिलं नाहीत. तिला वाटतं, शेजारी बसणारी माणसं अशीच असतात. मला तुमच्या जागी बसवलंय, ताई, आणि ती जागा मला दाटते. पण उठवत नाही.

आता मुद्द्याचं. परवा तिने लाकडी चमच्याला दोरा गुंडाळला. नुसता दोरा, सबंध रीळ संपेपर्यंत. मी हात मांडीखाली घालून बघत होते. झालं तशी ती उठली. ती माझ्यासमोरून दाराकडे गेली, चमचा उंबरठ्यावर ठेवला, आणि म्हणाली, आत्या. मागे वळून बघितलं नाही. तुम्ही लिहिलं होतंत तसंच.

मी तो उचलला. सकाळी जागा रिकामी बघून ती हसत आली, आत्याने नेलं म्हणून सांगायला. आत्याने नेलेलं नाही. तो माझ्या ऍप्रनच्या खिशात आहे. काल पोस्टापर्यंत जाऊन परत आले. आजही गेले होते. चमचा तुमचा आहे, याबद्दल वाद नाही, तिने नाव घेऊन ठेवला. पण मोजा कुणाचा, याबद्दल आहे. तुमच्या मांडीवर ठेवून ती आई म्हणाली, आणि आई मी आहे.

म्हणून मागू नकोस म्हणालात तरी मागते. मोजा मला पाठवा, मी चमचा पाठवते. पाठवणं जिवावर येत असेल तर तो घेऊन इकडेच राहायला या, मी गोड वागेनच असं वचन मात्र देत नाही. तुम्ही दोन्हींना नाही म्हणाल, हे मला ठाऊक आहे. तुमच्या जागी असते तर मीही नाहीच म्हटलं असतं. तरी ताई, मोजा द्या.

तुमची दातवाली